नववीतलं नाटक

दिवाळीची सुट्टी संपते, शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात आणि आम्हा समुपदेशकांना पालकांचे फोन येऊ लागतात. मुलगी नववीत आहे, बाईंनी नाटकात घेतलंय, तालीम संध्याकाळी सातपर्यंत चालते, क्लास बुडतो. पुढच्या वर्षी दहावी आहे सर, नाव काढून घेऊ का? काळजी रास्त आहे. अर्ध्या तासाच्या बालनाट्यासाठी महिना-दीड महिना जातो आणि तो अभ्यासाच्याच वेळातून जातो. तरीही माझं उत्तर ठरलेलं आहे: नाव काढू नका.

पालकांना वाटतं, नाटकात मूल बोलायला शिकतं. ते खरं आहे, पण त्याआधी ते ऐकायला शिकतं. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं म्हटलं तर प्रवेश कोसळतो, आणि उशीर केला तरी कोसळतो. रोज संध्याकाळी तेच वाक्य दुसऱ्याकडून नव्याने ऐकायचं आणि त्याला उत्तर द्यायचं, हा सराव वर्गात कुठे होतो? शिवाय चाचणीत कमी गुण पडले तर नुकसान एकट्याचं होतं. तालमीला दांडी मारली की दहा जण खोळंबतात. आपल्यावाचून दुसऱ्याचं अडतं हे चौदाव्या वर्षी कळलेली मुलं पुढे गटात काम करताना लगेच ओळखू येतात. मुलाखतीला, तोंडी परीक्षेला, रुग्णाशी किंवा अशिलाशी बोलताना हेच कामी येतं.

वक्तृत्व स्पर्धांबद्दल मात्र मला थोडं परखड बोलायचं आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा भाषण बाबा लिहितात, आई पाठ करून घेते आणि मूल ठरलेल्या शब्दाला ठरलेला हात वर करतं. ढाल मिळते, पण त्या विषयावर एक साधा प्रश्न विचारला तर मूल गप्प होतं. यापेक्षा उत्स्फूर्त भाषण किंवा वादविवाद कितीतरी बरा. विषयाची चिठ्ठी उचलायची, थोडा विचार करायचा आणि अडखळत का होईना, स्वतःचं बोलायचं. घरी भाषण लिहून देण्याचा मोह आवरा. मुद्दे त्यालाच काढू द्या आणि 'म्हणजे काय?' एवढंच विचारत राहा. उच्चार सुधारायचे असतील तर रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायला सांगा, वर्तमानपत्र चालेल, गोष्ट तर उत्तमच.

'आमचा मुलगा लाजाळू आहे, नाटक त्याचं काम नव्हे,' असंही ऐकतो. अशा मुलाला पहिल्या वर्षी विंगेत उभं करा. प्रॉम्प्टिंग, नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, रंगभूषा, वेशभूषा, प्रत्येक कामाला माणूस लागतो. प्रॉम्प्टरला सगळ्यांची सगळी वाक्यं येतात, आणि ऐनवेळी कुणी आजारी पडलं की त्यालाच उभं करतात. दिव्यांमध्ये रमलेली मुलगी पुढे विद्युत अभियांत्रिकीकडे वळू शकते किंवा व्यावसायिक प्रकाशयोजनेकडे. वाटा इथे फुटतात, फक्त त्या टाळ्यांच्या उजेडात दिसत नाहीत.

मराठी मुलांना हे दालन सहज मिळालेलं नाही. सुधा करमरकरांनी 1959 साली लिटल थिएटर काढलं आणि रत्नाकर मतकरींच्या 'मधुमंजिरी'ने त्याची सुरुवात केली. मोठ्यांच्या रंगभूमीइतक्याच गांभीर्याने मुलांसाठी नाटक करायचं, हा त्यामागचा आग्रह होता. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. पुढे 'आविष्कार' या नाट्यसंस्थेच्या 'चंद्रशाळा' या बालविभागातून त्यांनी मुलांना रंगमंचावर आणलं. आजही राज्य शासनाची बालनाट्य स्पर्धा होते. तुमच्या शाळेचा संघ त्यात उतरत नसेल तर शिक्षक-पालक सभेत हा विषय काढायला काहीच हरकत नाही.

आता ज्या घरात 'मला नटच व्हायचंय' हे वाक्य उच्चारलं गेलं आहे, त्यांच्यासाठी. घाबरू नका, आणि लगेच होकारही देऊ नका. पुण्यात ललित कला केंद्रात बारावीनंतर नाट्यशास्त्राची पदवी घेता येते. मुंबई विद्यापीठाच्या अकादमी ऑफ थिएटर आर्ट्सचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम 3 वर्षांचा. त्याला पदवी लागते आणि किमान 6 नाटकांत काम केल्याचा अनुभवही. म्हणजे तिथे जायचं तरी कॉलेज पूर्ण करावंच लागतं, आणि कॉलेजात नाटकही करावं लागतं. त्यासाठी पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडक आहे. इतर शहरांतही एकांकिका स्पर्धा असतात. प्रत्येक प्रयोगाची कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रं आणि प्रमाणपत्रं शाळेपासूनच एका फाइलीत लावून ठेवा, पुढे अर्ज भरताना शोधाशोध होत नाही.

डॉक्टर-नटांची उदाहरणं पालक स्वतःच देतात. श्रीराम लागू कान-नाक-घसा तज्ज्ञ होते आणि 1969 साली त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ नाटक धरलं. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ राहूनच 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस झाले, आणि ते नाटक बसवणारे जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. अभ्यास आणि नाटक एकत्र नांदू शकतात, एवढंच त्यातून घ्या. 'आधी डॉक्टर हो, मग काय ते कर' असं म्हणून मुलाला टाळायला ही नावं वापरू नका, त्याला ते लगेच समजतं. नाटकावर घर चालवणं अवघड आहे, हे मात्र आकड्यांसह बोला. मालिकेतलं काम, आवाजाचं काम, डबिंग, शाळेत नाट्यशिक्षक, यांतून लोक कसे पैसे मिळवतात हे या क्षेत्रातल्या एखाद्या कामकरी माणसाला भेटवून त्याच्याच तोंडून ऐकवा.

आणि आत्ता, या आठवड्यात? बाईंना भेटा. तालमींचं वेळापत्रक लेखी मागा, रंगीत तालीम कधी आहे ते विचारा आणि त्याच्या आधीचे आठ-दहा दिवस क्लासला सांगून मोकळे ठेवा. बुडालेला भाग कोणत्या रविवारी भरून काढायचा हे मुलीलाच ठरवू द्या, कागदावर लिहून. दहावीच्या वर्षी छोटी भूमिका किंवा पडद्यामागचं काम घ्यायचं, हेही तिच्याशी आत्ताच बोलून ठेवा. बहुतेक मुली हे समजून घेतात.