शेतातल्या मांडवाला परवानगी लागते का?

प्रश्न : पनवेलजवळ आमची वडिलोपार्जित शेती आहे. थंडीत पोपटीला, म्हणजे शेतात मडक्यात शेंगा भाजून खायच्या बेताला, सगळे नातेवाईक जमतात. त्यांच्यासाठी कायमचा, भिंती नसलेला मांडव बांधायचा आहे. स्वतःच्या जमिनीत परवानगी कशाला?
– एक वाचक

उत्तर : हा समज बरोबर नाही, पण घाबरू नका. भिंती नसल्या तरी पक्के खांब आणि छप्पर म्हणजे बांधकामच. जमीन महसूल संहितेत (१९६६) शेतघराला जागा आहे, पण ते शेतीच्या कामासाठी किंवा राहण्यासाठी. समारंभासाठी भाड्याने द्यायचे झाल्यास अकृषिक वापराचा प्रश्न येतो. गाव ‘नैना’ (नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित) क्षेत्रात असेल तर सिडकोकडे, शहर हद्दीत असेल तर महापालिकेकडे आधी चौकशी करा. पोपटीपुरता बांबू-ताडपत्रीचा मांडव मला सर्वांत सोयीचा वाटतो. कायमचाच हवा तर जोते उंच घ्या आणि पत्रे नीट आवळा. २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात असंख्य छपरे उडाली. पोपटीचा जाळ मात्र मांडवापासून लांबच लावा.