सर्किट कार्ड टिकाऊ कसे होईल?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील कारखान्यांत साध्या मागांच्या जोडीला आता रेपियर माग आणि इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड दिसू लागले आहेत. साध्या मागाचा बिघाड डोळ्यांना दिसतो. धोटा तुटला किंवा पट्टा सुटला, की जॉबर तासाभरात माग चालू करून देतो. नव्या मागाचा कारभार मात्र एका लहानशा हिरव्या पाटीवर, म्हणजे सर्किट कार्डावर चालतो. ते कार्ड बंद पडले की माग उभा राहतो, मीटरवर काम करणाऱ्या विणकराची मजुरी थांबते आणि व्यापाऱ्याने दिलेली मालाची तारीख हुकते.

आपले अनेक तरुण अशी कार्डे दुरुस्त करण्याच्या किंवा एलईडी, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर यांची कार्डे जुळवण्याच्या धंद्यात आहेत. हातात हुनर आहे, मेहनत आहे. तरीही माल परत येतो, असे पुष्कळदा ऐकू येते. याची कारणे कोणती आणि त्यावर उपाय काय, याचा विचार या लेखात करू.

आधी हिशेब पाहू

समजा, एका कार्डावर ५०० सोल्डरचे टाके आहेत. कारीगर चांगला आहे. दहा हजार टाक्यांत त्याचा फक्त एक टाका कच्चा राहतो. ऐकायला हे काम उत्तम वाटते. पण १०० कार्डांवर ५०,००० टाके होतात, म्हणजे त्यांत ५ टाके कच्चे आणि साधारण ५ कार्डे बिघडणारी. एका कार्डावर ५० रुपये नफा धरला तर १०० कार्डांचा नफा ५,००० रुपये. परत आलेल्या एका कार्डाचे जाणे-येणे, दुरुस्ती आणि वेळ यांचे ६०० रुपये धरले तर ५ कार्डांत ३,००० रुपये गेले. गिऱ्हाईक तुटले ते वेगळेच. कापडाच्या ताग्यात एखादा दोष निघाला तर थोडी सूट देऊन तो तागा खपतो. कार्डाचे तसे नाही. एक टाका सुटला की सारे कार्ड निकामी.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रात इतके बिघाड झाले की जुलै २००७ मध्ये कंपनीने त्या बिघाडासाठी ३ वर्षांची वॉरंटी जाहीर केली आणि त्यापोटी १ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. यंत्र वारंवार चालू-बंद केल्याने आतील भाग तापत व थंड होत आणि त्यामुळे आतली जोडणी तुटत असे, ही माहिती कंपनीच्याच माहितीपटातून २०२१ मध्ये पुढे आली.

पहिला धडा : सोल्डरचा टाका

जुन्या पद्धतीच्या सोल्डरमध्ये ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असते. ते १८३ अंश सेल्सिअसला वितळते. युरोपने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक मालात शिशावर बंदी घातली. तेव्हापासून बिनशिशाच्या सोल्डरचा वापर वाढला. त्याचा नेहमीचा प्रकार म्हणजे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबे. ते २१७ अंशांच्या पुढे वितळू लागते. दोन्हींच्या तपमानात असा ३४ अंशांचा फरक आहे. त्यामुळे एका जातीच्या कार्डावर दुसऱ्या जातीचे सोल्डर लावणे टाळावे. दोन्ही मिसळले की टाक्याचा भरवसा राहत नाही. टेबलावर दोन्ही तारा ठेवायच्या असतील तर आयर्नचे टोकही वेगळे ठेवावे.

चांगला टाका ओळखावा कसा? सोल्डर पायावर आणि पट्टीवर पसरून, कडेला पातळ होत गेलेले असावे. गोळ्यासारखे उभे राहिले असेल तर ते नीट चिकटलेले नाही. शिशाचा टाका चमकतो. बिनशिशाचा टाका मात्र चांगला असूनही थोडा मंद दिसतो. तेव्हा केवळ चमक पाहून निकाल देऊ नये. आयर्नने आधी पाय आणि पट्टी दोन्ही तापवावीत, मग सोल्डर लावावे. सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवून वरून थेंब टाकला तर ‘ड्राय सोल्डर’ होतो. असे कार्ड आज चालते आणि महिन्याभराने अडते.

मशीनवर काम करणाऱ्यांनी सोल्डर पेस्टचीही काळजी घ्यावी. पेस्ट फ्रिजमध्ये ठेवतात. डबा बाहेर काढल्याबरोबर उघडला तर थंड पेस्टवर हवेतील पाणी जमते आणि भट्टीत सोल्डर उडून बारीक गोळ्या होतात. डबा बंद ठेवून सुमारे ४ तास खोलीच्या तपमानाला येऊ द्यावा, मगच उघडावा.

दुसरा धडा : स्थिर वीज

कापडाच्या धंद्यातील माणसाला स्थिर वीज नवी नाही. थंडीत हवा कोरडी झाली की पॉलिस्टरचा धागा चरचरतो, अंगाला चिकटतो आणि मागावर तुटू लागतो. म्हणून कारखान्यात हवेत ओल राखतात. हीच वीज कारीगराच्या बोटातून आयसीमध्ये जाते. माणसाला झटका जाणवण्यासाठी साधारण ३,००० व्होल्ट लागतात. अनेक नाजूक भागांना मात्र काहीशे व्होल्टही पुरे होतात. म्हणजे आपल्याला काहीही कळत नाही आणि आयसी जायबंदी होते. शिवाय ती तिथल्या तिथे मरत नाही. अर्धमेली होऊन गिऱ्हाइकाकडे जाते आणि तिथे दगा देते.

उपाय महाग नाहीत. मनगटाला पट्टा बांधून तो अर्थिंगला जोडावा. पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. तो कारीगराच्या जिवाच्या सुरक्षिततेसाठी आहे, म्हणून पट्ट्याऐवजी साधी तार कधीही बांधू नये. टेबलावर स्थिर वीज वाहून नेणारी चटई असावी. कामाच्या वेळी पॉलिस्टरच्या सदऱ्यापेक्षा सुती सदरा बरा. कार्डे साध्या प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता त्यासाठी मिळणाऱ्या खास पिशवीत ठेवावीत. आणि मुख्य म्हणजे दुकानाचे अर्थिंग खरे आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. भिंतीत तीन भोके दिसतात म्हणून अर्थिंग असतेच असे नाही.

तिसरा धडा : ओल आणि मळ

कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब असते. आयसीचे प्लास्टिक ही ओल शोषते. भट्टीच्या एकदम उष्णतेने आतील पाण्याची वाफ होते आणि आयसी आतून फुटते. म्हणून अशा आयसी हवाबंद पिशवीत येतात आणि पिशवीवर त्यांचा स्तर छापलेला असतो. तिसऱ्या स्तराची आयसी पिशवी उघडल्यापासून १६८ तासांच्या आत लावायची असते. पण हा हिशेब ३० अंश तपमान आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतचाच आहे. जुलै महिन्यातील उघड्या खोलीत तो लागू पडत नाही. पिशवी उघडल्याची तारीख व वेळ लिहून ठेवावी, उरलेला माल कोरड्या डब्यात ठेवावा आणि मुदत टळली असेल तर कंपनीने सांगितलेल्या तपमानाला तो भाजून मगच वापरावा.

दुसरा शत्रू म्हणजे उरलेला फ्लक्स. ‘धुण्याची गरज नाही’ असे लिहिलेला फ्लक्सही पूर्ण तापला तरच निरुपद्रवी होतो. हाताने भरपूर लावलेला आणि न तापलेला फ्लक्स तसाच राहिला तर ओलीशी मिळून वीज वाहू लागतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये धातूच्या झाडाच्या फांदीसारख्या बारीक रेषा वाढतात आणि शॉर्ट होतो. ब्रश थिनरमध्ये बुडवून एकदा फिरवला की मळ जात नाही, तो सगळीकडे पसरतो. धुवायचे असेल तर पूर्ण धुवावे, स्वच्छ द्रव दुसऱ्यांदा वापरावा आणि कार्ड नीट सुकवावे.

मागाच्या कारखान्यात यात कापसाच्या धुळीची भर पडते. ही धूळ ओल धरून ठेवते, पंख्याची जाळी बुजवते आणि उष्णता कोंडते. अशा ठिकाणच्या कार्डावर ॲक्रिलिक किंवा सिलिकॉनचे संरक्षक लेपन करावे. ॲक्रिलिकचा थर साधारण ३० ते १३० मायक्रॉन पुरतो. लेपनाआधी कार्ड स्वच्छ असलेच पाहिजे, नाहीतर मळ आतच कोंडला जातो. कनेक्टरवर लेप जाऊ देऊ नये. धूळ काढताना कॉम्प्रेसरच्या हवेचा जोर मारण्याची सवय सोडावी. त्या हवेत पाणी आणि तेल असते, आणि धूळ आणखी आत जाते. वीज बंद करून मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम यांनी सफाई करावी.

चौथा धडा : उष्णता

पॉवर सप्लाय बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे सुकलेला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्याचा ठोकताळा सोपा आहे. तपमान १० अंशांनी कमी झाले की आयुष्य दुप्पट होते. बाजारात ८५ अंशांचा आणि १०५ अंशांचा, असे दोन प्रकार मिळतात. समजा दोन्हींवर २,००० तास लिहिले आहे आणि कपॅसिटर ६५ अंशांपर्यंत तापतो. तर ८५ अंशांचा कपॅसिटर ८,००० तास टिकेल, म्हणजे दिवसरात्र चालणाऱ्या मागावर जेमतेम ११ महिने. १०५ अंशांचा ३२,००० तास टिकेल, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक. किमतीतला फरक थोडासाच असतो. हे थोडे पैसे वाचवणारा आपली साखच विकत असतो. कपॅसिटर तापणाऱ्या रेझिस्टरला किंवा हीट सिंकला चिकटून लावू नये, हेही ओघाने आलेच.

पाचवा धडा : थरथर आणि वाकणे

माग सतत थरथरतो. ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, रिले असे जड भाग केवळ सोल्डरच्या आधारावर उभे राहिले तर टाक्याला हळूहळू चीर पडते. त्यांना क्लॅम्प द्यावा किंवा सिलिकॉनने कार्डाला चिकटवावे. सिलिकॉन घेताना वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि तांबे खाते. इलेक्ट्रॉनिक कामासाठी ‘न्यूट्रल’ प्रकारचे मागून घ्यावे.

बारीक सिरॅमिक कपॅसिटर कार्ड वाकवल्याने फुटतात आणि ती चीर वरून दिसत नाही. जोडकार्डे हाताने मोडून वेगळी करण्याची पद्धत म्हणूनच वाईट. त्यासाठी कटर वापरावा. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये जाणाऱ्या तारेच्या टोकाला सोल्डर लावू नये. सोल्डर मऊ असल्याने दाबाखाली सरकते, काही दिवसांत स्क्रू ढिला होतो, ठिणगी पडते आणि टर्मिनल जळते. त्याऐवजी टोकाला नळीचा लग दाबून बसवावा.

सहावा धडा : तपासणी आणि वही

कच्चे कार्ड बहुधा सुरुवातीच्या काळातच बिघडते. मग ते गिऱ्हाइकाकडे बिघडण्यापेक्षा आपल्या टेबलावर बिघडलेले बरे. पाठवण्यापूर्वी प्रत्येक कार्ड पूर्ण लोड देऊन, उबदार पेटीत २४ ते ४८ तास चालवावे. मधून मधून चालू-बंद करावे. टाके भिंगाखाली पाहावेत. टाके पास-नापास ठरवण्यासाठी जगभर आयपीसी-ए-६१० हे मानक वापरतात. त्यात तीन वर्ग आहेत : पहिला सर्वसाधारण मालाचा, दुसरा अखंड सेवेची अपेक्षा असलेल्या मालाचा आणि तिसरा जिथे बिघाड चालतच नाही अशा मालाचा. मागाचे कार्ड निदान दुसऱ्या वर्गाचे असावे. ऑर्डर घेतानाच कोणता वर्ग हवा ते लेखी ठरवून घेतले तर पुढची हुज्जत टळते.

प्रत्येक कार्डाला नंबर द्यावा आणि एक वही ठेवावी. कार्ड कोणी जुळवले, कोणत्या तारखेला, कोणत्या लॉटचे भाग लावले आणि परत आले तर नेमके कशामुळे, हे सारे तीत लिहावे. ‘दुरुस्त केले’ एवढे लिहून भागणार नाही. सहा महिन्यांनी वही उघडली की दिसेल, बहुतेक तक्रारी दोन-तीन कारणांतच सामावल्या आहेत. ती कारणे आधी दूर करावीत. उधारीची वही आपण रोज पाहतो. बिघाडाची वहीही तशीच पाहावी, कारण तीही पैशांचीच वही आहे.

थोडक्यात

मनगटपट्टा, खरे अर्थिंग, कोरडा डबा, पूर्ण धुलाई, १०५ अंशांचा कपॅसिटर, जड भागांना आधार, ४८ तासांची चाचणी आणि एक वही. यांतील एकाही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही, शिस्त लागते. कारखानदार बंधूंनीही केवळ सर्वांत कमी भाव पाहून कार्ड घेऊ नये. विकणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत : कार्ड किती तास चालवून पाहिले, आणि परत आलेल्या मालाची नोंद ठेवता काय? ज्याच्याकडे या दोन्हींचे सरळ उत्तर आहे, त्याला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.