घटक ६ : जुन्या आज्ञावली, नवी कार्यप्रणाली आणि मराठी मजकुराचे जतन

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर संगणकाची कार्यप्रणाली बदलल्यावर जुनी आज्ञावली बंद का पडते, ती पुन्हा चालविण्याचे मार्ग कोणते आणि त्या आज्ञावलीत टंकलिखित केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणताना कोणती दक्षता घ्यावी लागते, हे आपणांस सांगता येईल. जुन्या मराठी ग्रंथांची संहिता आणि संगणकीय संहिता यांतील नातेही आपल्या लक्षात येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे गाव मराठी गद्याच्या इतिहासात फार वरच्या स्थानी आहे. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य येथेच होते. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी ठिकठिकाणच्या शिष्यांकडून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या आणि रिद्धपुरातील वाजेश्वरीत ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, हे आपण पहिल्या घटकात पाहिले आहे. पुढे महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत लिहिले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर किंवा चिन्ह येते. संकेत ठाऊक असणाऱ्यास पोथी सहज वाचता येते. इतरांना तीच पोथी उघडी असूनही बंद असते. शतकानुशतके या पोथ्या मठांतून जपल्या गेल्या, परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींच्या प्रयत्नांनी संकेताचा उलगडा होईपर्यंत मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांना त्यांतील मजकूर जवळजवळ अज्ञात होता. कागद शाबूत होता, शाई शाबूत होती. हरवली होती ती किल्ली.

या घटकाचा विषय संगणकाचा असताना हा इतिहास कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. समजा, आपल्या घरी एका पोथीची प्रतिलिपी आहे. ती १९९८ साली कोणीतरी महिनोन् महिने बसून संगणकावर उतरवून घेतली. आज ती फाइल नव्या संगणकावर उघडल्यास पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि अनोळखी चिन्हे यांची रांग दिसते. फाइलमधला एक आकडाही बदललेला नाही. मराठी मात्र नाहीशी झाली आहे. सातशे वर्षे टिकलेली पोथी आणि पंचवीस वर्षांत मुकी झालेली तिची प्रत, असा हा विचित्र प्रसंग आहे, आणि मराठीच्या अभ्यासकाला तो केवळ तंत्रज्ञाकडे सोपवून मोकळे होता येत नाही.

६.३ आज्ञावली बंद का पडते?

कोणतीही आज्ञावली एकटी काम करीत नाही. फाइल साठवणे, पडद्यावर अक्षर उमटविणे, छपाईयंत्राकडे मजकूर धाडणे या प्रत्येक गोष्टीसाठी ती कार्यप्रणालीकडे मागणी करते. मागणी करण्याची रीत आज्ञावली लिहिली गेली त्या काळची असते. कार्यप्रणाली बदलली की ती रीत ओळखणारे कोणी उरत नाही.

मराठी अक्षरजुळणीच्या संदर्भात चार अडचणी वारंवार येतात. पहिली, डॉस आणि आरंभीच्या विंडोजच्या काळातील आज्ञावली १६-बिट होत्या. ६४-बिट विंडोज अशा आज्ञावली मुळीच चालवीत नाही, आणि विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपातच मिळते. दुसरी अडचण अधिक साधी आहे. जुन्या आज्ञावली आपली नोंद स्वतःच्याच फोल्डरमध्ये करीत. विंडोज व्हिस्टापासून (२००७) सामान्य वापरकर्त्याला त्या जागी लिहिण्यास मनाई झाली. त्यामुळे आज्ञावली सुरू होते आणि काही साठवू पाहताच अडखळते. तिसरी अडचण हार्डवेअर लॉकची. मराठी डीटीपीच्या अनेक आज्ञावलींसोबत एक छोटे कुलूप मिळे; ते प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टला लावल्याशिवाय अक्षर उमटत नसे. आजच्या संगणकांना तो पोर्टच नसतो, आणि असला तरी त्या कुलपासाठीची जुनी चालक-आज्ञावली ६४-बिट विंडोज स्वीकारीत नाही. रीतसर पैसे मोजून घेतलेली आज्ञावली कुलपामुळे बंद पडते आणि कुलूप तोडलेली चोरटी प्रत मात्र चालते, हा अनुभव अनेक छापखान्यांत ऐकावयास मिळतो. प्रामाणिक ग्राहकावर हा अन्यायच होय.

चौथी अडचण फॉन्टची आहे. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे करू, कारण खरा पेच तेथेच आहे.

६.४ आज्ञावली पुन्हा चालविण्याचे मार्ग

सर्वांत सोपा उपाय आधी करावा. आज्ञावलीच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तेथील ‘कंपॅटिबिलिटी’ या विभागात विंडोजची जुनी आवृत्ती निवडता येते आणि आज्ञावली प्रशासकाच्या अधिकाराने चालविण्याची सोयही तेथेच आहे. वर सांगितलेली दुसरी अडचण बहुधा एवढ्यानेच दूर होते. १६-बिट आज्ञावलीला मात्र याचा काहीही उपयोग नाही. तिच्यातील डॉसवरच्या आज्ञावलींसाठी ‘डॉसबॉक्स’ ही मोफत आज्ञावली आहे. ती नव्या संगणकात डॉसचा आभास निर्माण करते.

याहून भक्कम मार्ग म्हणजे आभासी संगणक. ‘व्हर्च्युअलबॉक्स’सारख्या आज्ञावलीच्या साहाय्याने नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक उभा करता येतो, त्यात विंडोज एक्सपी आणि तिच्यात जुनी अक्षरजुळणीची आज्ञावली बसवावी. यूएसबीचे कुलूप असल्यास तेही आत पोहोचविता येते. प्रिंटर पोर्टचे कुलूप असेल तर हा मार्ग बहुधा खुंटतो आणि जुना संगणकच दुरुस्त करून घ्यावा लागतो. विंडोज एक्सपीचा परवाना स्वतःचा असावा. तिला ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेची नियमित दुरुस्ती मिळालेली नाही, म्हणून अशा आभासी संगणकाला इंटरनेटची जोडणी देऊ नये.

विंडोज १० ची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे संगणक बदलण्याची घाई सर्वत्र आहे, आणि घाईत जुना संगणक भंगारात जातो. ज्या संगणकावर जुनी आज्ञावली आजही चालते आहे, तो हातचा जाऊ देण्यापूर्वी त्यातील सर्व फाइली, वापरलेले फॉन्ट आणि आज्ञावलीच्या मूळ तबकड्या यांच्या प्रती करून घ्याव्यात. प्रत्येक फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे याची नोंद एका साध्या कागदावर केली तरी चालेल. नंतर हीच नोंद किल्लीचे काम करते. शक्य असेल तेथे मजकुराची पीडीएफही काढून ठेवावी. पीडीएफमध्ये अक्षरांचे रूप जसेच्या तसे राहते. तिच्यातील मजकूर मात्र शोधता वा वापरता येईलच असे नाही, कारण आत अजूनही जुनेच आकडे असतात.

६.५ आकडा आणि अक्षर

संगणक अक्षर साठवीत नाही, आकडा साठवितो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे संकेताने ठरते. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत १९९१ साली भारतीय मानक (आयएस १३१९४) म्हणून स्वीकारला गेला. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानाद्वारे त्याचा प्रसार केला. परंतु विंडोजवरील डीटीपीत निराळीच वाट रूढ झाली. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या २५६ जागांत देवनागरीचे तुकडे बसविलेले फॉन्ट तयार झाले. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव ही नावे आपल्या परिचयाची असतील. प्रत्येकाची मांडणी वेगळी. एका ठिकाणी ज्या आकड्याला ‘क’ होता, त्याच आकड्याला दुसरीकडे ‘ळ’ असू शकतो. सकळ लिपीचा संकेत निदान पंथाच्या पोथ्यांपुरता सामाईक होता. येथे प्रत्येक कंपनीची स्वतंत्र सांकेतिक लिपी झाली, आणि तीही कोणाचा तसा हेतू नसताना.

युनिकोडने देवनागरीला स्वतंत्र जागा दिल्या. त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. मायक्रोसॉफ्टच्या कार्यप्रणालींत विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड आले. तथापि मराठी छापखान्यांत रूढ झालेल्या पेजमेकरला युनिकोड देवनागरी येत नसे, म्हणून पुस्तके पुढेही कित्येक वर्षे जुन्याच फॉन्टमध्ये जुळविली गेली. आपल्या विषयाचे शेकडो ग्रंथ याच अवस्थेत आहेत.

बहुतेक जुने ट्रूटाइप फॉन्ट नव्या विंडोजवर बसविता येतात. म्हणून फाइल ‘बिघडलेली’ दिसली की प्रथम तिचा मूळ फॉन्ट शोधून बसवावा. पुष्कळदा मजकूर तेवढ्यानेच पुन्हा वाचता येतो. पोस्टस्क्रिप्ट टाइप १ प्रकारच्या फॉन्टची गोष्ट वेगळी. ॲडोबीने जानेवारी २०२३ पासून त्यांची साथ सोडली आहे.

६.६ रूपांतर : नवा लिपिकार

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी परिवर्तक आज्ञावली मिळतात. त्या काय करतात हे ‘ऋद्धिपूर’ या रिद्धपूरच्या जुन्या नावावरून पाहू. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठविली जातात : ऋ, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ‘द्ध’ हे एकसंध जोडाक्षर, मग प, ऊकार, र. काही फॉन्टमध्ये ‘प’सुद्धा अर्धा प आणि दंड असा दोन तुकड्यांत असतो. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा आहे : ऋ, द, हलन्त, ध, वेलांटी, प, ऊकार, र. म्हणजे परिवर्तकाला केवळ आकडे बदलून भागत नाही. वेलांटी उचलून पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते. हे साधले नाही तर ‘ऋिद्धपूर’ असे विद्रूप रूप हाती येते. रफाराचे याच्या उलट. तो अक्षराच्या डोक्यावर, म्हणून जुन्या फाइलीत अक्षरानंतर. उच्चारात मात्र आधी. फसलेल्या परिवर्तनात ‘धर्म’चा ‘धमर्’ आणि ‘कार्य’चा ‘कायर्’ होतो. अशी रूपे आपण संकेतस्थळांवर पाहिली असतील. ती कोणा टंकलेखकाची चूक नसते.

आपल्या मराठीची खास अडचण ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतील अर्ध्या र ची. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. दिसायला दोन्ही सारखे. पण ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधू गेल्यास एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीच्या शोधात सापडेलच असे नाही. शब्दसूची किंवा पाठभेदांची गणना करणाऱ्याने ही गोष्ट विसरून चालणार नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्यापूर्वीच्या मजकुरात ते ‘ऍ’ असे सापडते.

हस्तलिखितांच्या अभ्यासात आपण लिपिकाराच्या चुकांचे प्रकार पाहिले आहेत : ओळ गळणे, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची अदलाबदल, न समजलेल्या शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घालणे. परिवर्तक हाही एक लिपिकारच आहे. तो थकत नाही, ओळ गाळत नाही. पण चुकला तर प्रत्येक ठिकाणी एकसारखा चुकतो. संपादकाला हे सोयीचेच आहे, कारण एक चूक ओळखली की तिच्या सर्व जागा सापडतात. शब्दाच्या आरंभी सुटी मात्रा, एका व्यंजनावर दोन स्वरचिन्हे, हलन्तापुढे लगेच वेलांटी अशा अशक्य रचना शोधल्या की दोष पकडीत येतात.

खरा धोका पुढच्या पायरीवर आहे. परिवर्तनानंतर मजकूर ‘शुद्ध’ करण्यासाठी तो शुद्धलेखन-तपासनिसातून काढण्याची पद्धत आहे. आजच्या लेखासाठी ती ठीक. ‘लीळाचरित्रा’सारख्या संहितेवर मात्र हा प्रयोग घातक ठरतो. त्या मजकुरातील ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, प्रत्ययांची रूपे ही आजच्या नियमांनी चुकीची दिसली तरी तोच तर अभ्यासाचा पुरावा आहे. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केलेली ‘लीळाचरित्रा’ची प्रत पाहिल्यास, एकेका पाठासाठी संपादक किती प्रतींकडे वळतो हे कळेल. तपासनीस ते सर्व एका कळीसरशी पुसून टाकू शकतो, आणि खूण मागे ठेवीत नाही. म्हणून परिवर्तित मजकूर मुद्रित प्रतीशी किंवा पोथीशी ओळीने ताडून पाहावा, स्वयंचलित दुरुस्ती बंद ठेवावी आणि जुन्या फॉन्टमधील मूळ फाइल कधीही पुसू नये. उद्या अधिक चांगला परिवर्तक मिळाला, तर काम पुन्हा त्या मूळ फाइलीपासूनच करावयाचे आहे.

६.७ स्वाध्याय

१. जुनी आज्ञावली आभासी संगणकात चालविणे आणि तिच्यातील मजकूर युनिकोडमध्ये आणणे, यांपैकी आपल्या संग्रहासाठी आपण काय निवडाल? कारणांसह सुमारे २०० शब्दांत लिहा.

२. ‘निर्मिती’, ‘स्थिती’ आणि ‘मूर्ती’ हे शब्द दिसण्याच्या क्रमाने व उच्चाराच्या क्रमाने अक्षरखंड पाडून लिहा. तिन्ही शब्दांत परिवर्तक कोठे अडखळू शकेल ते दाखवा.

३. आपल्या गावातील एखाद्या छापखान्याला, मठाला किंवा ग्रंथालयाला भेट द्या. २००५ पूर्वी संगणकावर जुळविलेला मजकूर तेथे असल्यास तो कोणत्या आज्ञावलीत व कोणत्या फॉन्टमध्ये आहे आणि आज उघडतो की नाही, याची नोंद करा. मूळ फाइलींना हात न लावता, त्यांच्या प्रतीवरच काम करावे.