जाळ्यात आलेली दोन खाचांची चकती: फेकू नका, आधी बघा!

बांधवांनो, रापण ओढताना वाळूबरोबर कधी कधी बिस्किटासारखी चपटी, गोल चकती येते. पोरं तिला शिंपला समजतात. पण हा शिंपला नव्हे. काटेवाल्या सी अर्चिनचाच हा चपटा भाऊबंद आहे. नाव सँड डॉलर.

आज त्यातली एक कमी दिसणारी जात बघू: एकिनोडिस्कस ऑरिटस. कच्छच्या आणि मन्नारच्या आखातात तिची नोंद आहे.

ओळखायची कशी?
१) पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल. त्या पाकळ्यांतून हा जीव श्वास घेतो.
२) मागच्या कडेला दोन लांब खाचा, कडेपर्यंत उघड्या. खाचा सगळीकडून बंद, भोकांसारख्या असतील तर ती दुसरी जात.
३) तोंड खालच्या बाजूला, बरोबर मधोमध.

जिवंत की मेलेली?
अंगावर मखमलीसारखे बारीक काटे असतील, रंग तपकिरी-जांभळा असेल, तर ती जिवंत समजा. पाण्यात धरून बघा, काटे हलतात. पांढरी, गुळगुळीत असेल तर नुसता सांगाडा उरलाय.

जिवंत चकती वाळूच्या पातळ थराखाली काट्यांवर सरकते आणि वाळूतले बारीक अन्नकण खाते. पाण्याबाहेर फार वेळ तग धरत नाही. शोभेसाठी उन्हात वाळवली तर जीव जातो आणि हाती येतो ठिसूळ सांगाडा. मग मारायची कशाला? उथळ पाण्यात, वाळूवर हळूच ठेवून द्या.

आता पांढुर्णा-सौंसरची आपली मंडळी म्हणतील, आम्ही तळ्यात-धरणात मासे धरणारे, आमचा काय संबंध? संबंध वाळूचा आहे. पांढुर्ण्याची जाम नदी कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेत, वैनगंगा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. किनाऱ्याला वाळू पुरवतात त्या अशाच नद्या. धरणं वाळू अडवतात, वरून आपण बेसुमार उपसा करतो. नदीत वाळू नसेल तर मासे अंडी घालायची जागा गमावतात आणि खाली किनारा झिजतो. वाळू हेच ज्याचं घर, त्या जीवाने जायचं कुठं?

पुढच्या वेळी चकती आली की पोरांना दाखवा, खाचा मोजायला लावा, फोटो काढा आणि त्यांच्याच हाताने तिला परत पाण्यात सोडा.