प्राणवायू हेही औषधच : ऑक्सिजन देण्याच्या साधनांची ओळख

रुग्णाला 'ऑक्सिजन लावला' हे शब्द कानी पडताच नातेवाइकांच्या काळजात धस्स होते. काहींना वाटते, आता प्रकृती हाताबाहेर गेली. काहींना वाटते, आता चिंता मिटली. जितका अधिक द्याल तितका चांगला. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. प्राणवायू हे औषध आहे आणि कोणत्याही औषधाप्रमाणे त्यालाही मात्रा आहे. ती कमी पडली तर अपाय होतो, तसाच प्रमाणाबाहेर गेली तरीही होतो. गोळीची मात्रा वेष्टनावर छापलेली असते. प्राणवायूची मात्रा मात्र रुग्णाच्या नाकातोंडाशी कोणते साधन बसविले आहे आणि ते कसे वापरले जात आहे, यावर ठरते. आपले देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांना या साधनांची ओळख व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहोत.

गरज कशी ठरते?

आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. फुप्फुसांत तो रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटतो आणि शरीरभर पोहोचतो. हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग प्राणवायूने भरलेला आहे, हे बोटाला लावलेल्या चिमट्यासारख्या उपकरणावर, म्हणजे पल्स ऑक्सिमीटरवर दिसते. या उपकरणामागील तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. त्यापूर्वी ही माहिती मिळविण्यासाठी रोहिणीतून रक्त काढून तपासावे लागे.

बहुतेक प्रौढ रुग्णांत हा आकडा ९४ ते ९८ टक्क्यांच्या दरम्यान राखणे हे उद्दिष्ट असते. हात गार असल्यास, नखांना रंग किंवा गडद मेंदी असल्यास आकडा चुकू शकतो. त्वचा अधिक सावळी असल्यास तो कधी कधी प्रत्यक्षाहून थोडा जास्त दिसतो. बंद खोलीत शेगडीचा धूर श्वासात गेलेल्या व्यक्तीत तर आकडा उत्तम दिसूनही शरीर प्राणवायूवाचून तळमळत असते. म्हणूनच डॉक्टर केवळ आकड्यावर न विसंबता रुग्णाकडे पाहतात आणि गरज भासल्यास रोहिणीतील रक्ताची तपासणी करतात.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धाप लागणे आणि प्राणवायू कमी असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. रक्तक्षय, ताप, हृदयविकार किंवा निव्वळ भीती यांमुळेही धाप लागते. अशा वेळी आकडा समाधानकारक असेल तर प्राणवायू लावून सहसा लाभ होत नाही. मूळ कारणावर उपचार करावे लागतात.

साधनांचा परिचय

भिंतीवरील फ्लोमीटरमध्ये एक छोटी गोळी वर-खाली होत असते. गोळीचा मध्य ज्या रेषेवर असेल, तितके लिटर प्राणवायू दर मिनिटाला वाहतो. परंतु वाहणारा सर्व प्राणवायू जसाच्या तसा फुप्फुसांत जात नाही. शांतपणे श्वास घेणारा प्रौढ मनुष्यही श्वास आत ओढण्याच्या क्षणी मिनिटाला सुमारे ३० लिटर या वेगाने हवा खेचतो. धाप लागलेल्याचा वेग याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असतो. नळीतून दोन-चार लिटरच येत असतील, तर उरलेली भरपाई खोलीतील हवेने होते. हे मिश्रण किती नेमके राखता येते, यावरून साधनांचे प्रकार पडतात.

नाकातील नळी : दोन्ही नाकपुड्यांत किंचित शिरणारी ही मऊ नळी सर्वांत सोयीची. प्रौढांना मिनिटाला १ ते ६ लिटर देण्यासाठी ती वापरतात व त्यातून साधारण २४ ते ४० टक्क्यांच्या आसपास प्राणवायू मिळतो. रुग्णाला बोलता येते, जेवता येते, औषध घेता येते. प्रवाह याहून वाढविल्यास नाक कोरडे पडते व क्वचित रक्तही येते.

साधा मास्क : नाक व तोंड झाकणारा हा मास्क ५ ते १० लिटर प्रवाहावर सुमारे ४० ते ६० टक्के प्राणवायू देतो. तो ५ लिटरच्या खाली चालवू नये. प्रवाह अपुरा असल्यास रुग्णाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड मास्कमध्येच साचतो व पुन्हा आत ओढला जातो. जेवताना हा मास्क काढावा लागत असेल, तर तेवढ्या वेळेपुरती नाकातील नळी लावून देण्याची विनंती सिस्टरांना अवश्य करावी.

व्हेंचुरी मास्क : याच्या तळाशी रंगीत तोटी असते व तिला खिडक्यांसारखी छिद्रे असतात. अरुंद तोंडातून वेगाने निघणारा प्राणवायू या छिद्रांतून खोलीतील हवा ठरावीक प्रमाणात ओढून घेतो. बहुधा निळी तोटी २४ टक्क्यांची, पांढरी २८ टक्क्यांची, तर पिवळी ३५ टक्क्यांची असते. निळ्या तोटीतून २ लिटर प्राणवायू सोडला असता त्यात सुमारे ५० लिटर हवा मिसळते. रुग्णाच्या श्वासाला पुरेल इतके तयार मिश्रण मिळत असल्याने टक्केवारी स्थिर राहते. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तत्त्वावर आधारलेला असा मास्क डॉ. मोरन कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये वैद्यकविश्वापुढे मांडला. या मास्कची छिद्रे चादरीखाली दबली तर हवा शिरत नाही आणि मोजून दिलेली मात्रा बिघडते.

राखीव पिशवीचा मास्क : मास्कखाली लोंबणारी पारदर्शक पिशवी प्राणवायूने भरलेली असते आणि एकदिशा झडपांमुळे सोडलेला श्वास तिच्यात परत जात नाही. १० ते १५ लिटर प्रवाहावर हा मास्क ६० ते ९० टक्क्यांपर्यंत प्राणवायू देतो. गंभीर अपघात, तीव्र न्यूमोनिया, विषारी वायूची बाधा अशा प्रसंगी प्रथम हाच हाताशी घेतला जातो. लावण्यापूर्वी पिशवी भरलेली असावी व श्वास घेताना ती पूर्ण चिमटू नये. ती चिमटलेली दिसल्यास तत्काळ सिस्टरांना कळवावे.

उच्च प्रवाहाची नळी : या यंत्रातून शरीराच्या तापमानाइतका उबदार व दमट केलेला वायू मिनिटाला ६० लिटरपर्यंत नाकातून दिला जातो. प्राणवायूचे प्रमाण २१ ते १०० टक्के यांदरम्यान हवे तसे ठेवता येते.

दाबाने श्वास देणारी यंत्रे : सीपॅप व बायपॅप यंत्रांचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो. त्यातून दाबाने हवा जाते, मिटू पाहणारे वायुकोश उघडे राहतात व थकलेल्या स्नायूंचा भार हलका होतो. रुग्णाला प्रथम गुदमरल्यासारखे वाटते. दया येऊन नातेवाईक पट्टे सैल करतात आणि तेथेच उपचार निष्फळ ठरतो. अशा वेळी हात हाती धरून धीर देणे, हीच खरी मदत होय. रुग्णाचा श्वास याही आधाराने पुरेसा चालत नसेल, तर श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागतो.

ही साधने म्हणजे प्रकृतीच्या चढउताराचे फलक नव्हेत. मोठा मास्क काढून व्हेंचुरी लावला म्हणजे उपचार कमी केले असे नाही. रुग्णाला नेमके जेवढे हवे तेवढेच देण्याचा तो प्रयत्न असतो.

अतिरेकाचे दुष्परिणाम

वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढल्याने अथवा चुलीच्या धुरात स्वयंपाक केल्याने ज्यांची फुप्फुसे जर्जर झाली आहेत, अशा सीओपीडीच्या अनेक रुग्णांत कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याची शक्ती क्षीण झालेली असते. त्यांना वाजवीहून अधिक प्राणवायू दिल्यास फुप्फुसांतील रक्ताची वाटणी बिघडते, हिमोग्लोबिनची कार्बन डायऑक्साइड वाहण्याची क्षमता घटते आणि तो वायू रक्तात साचू लागतो. रुग्ण गुंगतो, असंबद्ध बोलतो व पुढे बेशुद्धही पडू शकतो. म्हणून अशा रुग्णांत ८८ ते ९२ टक्के हेच उद्दिष्ट ठेवले जाते. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथे झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णवाहिकेपासूनच असा मोजून प्राणवायू दिलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळले. रात्री वडिलांना धाप लागली म्हणून मुलाने मायेने फ्लोमीटरची चावी दोनवरून दहावर नेली, वडील 'शांत झोपले' आणि सकाळी उठेनात. असा प्रसंग केवळ अज्ञानातून ओढवू शकतो. ती झोप समाधानाची नसते, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे.

अपुऱ्या दिवसांच्या बालकांची गोष्टही अशीच. १९४० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत या बाळांना उबपेटीत मुक्तहस्ते प्राणवायू दिला जाऊ लागला आणि हजारो बाळांची दृष्टी गेली. कारण होते नेत्रपटलावरील अपक्व रक्तवाहिन्यांची विकृत वाढ. १९५० मध्ये जन्मलेले प्रख्यात अमेरिकन गायक स्टीव्ही वंडर यांचे अंधत्वही याच विकारामुळे आलेले. १९५० च्या दशकातील अभ्यासांनी प्राणवायूचा अतिरेक हे त्याचे प्रमुख कारण असल्याचे दाखवून दिले. परंतु प्राणवायू फार कमी केल्यास बाळे दगावतात, हेही कालांतराने स्पष्ट झाले. त्यामुळे आज नवजात अतिदक्षता विभागात हवा व प्राणवायू मोजून मिसळले जातात आणि आकडा साधारण ९० ते ९५ टक्क्यांत राखला जातो. अशा बाळाची नेत्रतपासणी जन्मानंतर महिन्याभरात, अतिशय लहान बाळांत त्याहूनही लवकर, करून घेणे अत्यावश्यक आहे. घरी गेल्यावर ही तारीख चुकवू नये.

प्राणवायू येतो कोठून?

काळ्या अंगाचे व पांढऱ्या खांद्याचे मोठे सिलिंडर आपण पाहिले असतील. अशा एका सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर प्राणवायू मावतो. नाकातील नळीतून २ लिटर प्रवाहावर तो दोन दिवसांहून अधिक पुरतो. राखीव पिशवीच्या मास्कला १५ लिटर दिल्यास तो आठ तासांच्या आत संपतो. उच्च प्रवाहाच्या यंत्रावर ६० लिटर शुद्ध प्राणवायू दिला तर दोन तासही टिकत नाही. मोठ्या रुग्णालयांत उणे १८३ अंश सेल्सिअसला द्रवरूप झालेला प्राणवायू टाकीत साठवितात. एक लिटर द्रवापासून ८०० लिटरहून अधिक वायू मिळतो. हवेतील नायट्रोजन शोषून प्राणवायू वेगळा करणारे संयंत्रही बसविता येते. त्याची शुद्धता सुमारे ९३ टक्के असते.

या गणिताचे मोल २०२१ च्या कोविड लाटेने साऱ्या महाराष्ट्राला शिकविले. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक येथील महापालिका रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब घटला आणि वीसहून अधिक रुग्णांना प्राण गमवावे लागले. याच काळात नंदुरबार जिल्ह्याने वेगळा धडा घालून दिला. तेथे प्राणवायूनिर्मितीची संयंत्रे आधीच उभारली होती आणि प्रत्येक रुग्णाला किती प्राणवायू लागतो, कोठे वाया जातो, यावर लक्ष ठेवण्यासाठी 'ऑक्सिजन नर्स' नेमण्यात आल्या. टाकीइतकेच फ्लोमीटरकडे पाहणारे डोळेही मोलाचे, हा त्यातील बोध.

नातेवाइकांस विनंती

१. फ्लोमीटरची चावी स्वतः फिरवू नये. रुग्ण अस्वस्थ वाटल्यास सिस्टरांना बोलवावे.
२. रुग्ण अकारण गुंगीत जात असेल, गोंधळल्यासारखा बोलत असेल किंवा त्याचे ओठ निळसर दिसत असतील तर क्षणाचाही विलंब न करता कळवावे.
३. बुडबुडे येणाऱ्या बाटलीत नळाचे पाणी घालू नये. त्यात निर्जंतुक पाणीच लागते व ते कर्मचारी बदलतात.
४. प्राणवायूच्या जवळ उदबत्ती, निरांजन, काडेपेटी, विडी आणू नये. प्राणवायू स्वतः पेटत नाही, परंतु ठिणगीचा क्षणात भडका करतो. ओठांना वा नाकाला तेल, तूप, व्हॅसलिन लावू नये.
५. नळी पलंगाखाली दबलेली, पिळलेली वा निसटलेली नाही, हे अधूनमधून पाहावे. कानामागे व नाकावर व्रण उठल्यास सांगावे.
६. घरी कॉन्सन्ट्रेटर वापरावयाचा असल्यास किती लिटर व दिवसाचे किती तास, हे लेखी घ्यावे आणि वीज खंडित झाल्यास उपयोगी पडेल असा सिलिंडर जवळ ठेवावा.

देणगीदारांस निवेदन

जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत प्राणवायूचा समावेश पूर्वी भुलीच्या संदर्भात होता. रक्तातील प्राणवायू कमी झाल्यावरील उपचार म्हणून त्याची नोंद २०१७ मध्ये झाली. जे औषध शतकभर वापरात आहे, त्याच्या मात्रेची जाणीव इतक्या सावकाश रुजली.

व्हेंटिलेटरला दिलेली देणगी सर्वांच्या डोळ्यांत भरते आणि ती मोलाचीही असते. परंतु बहुसंख्य रुग्णांचा श्वास सावरतो तो साध्या नळीने, अचूक फ्लोमीटरने, खाटेशेजारच्या ऑक्सिमीटरने, गळती नसलेल्या जोडणीने आणि रात्री तीन वाजताही आकडा वहीत टिपणाऱ्या परिचारिकेने. या लहान वस्तूंसाठी व परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी दिलेला प्रत्येक रुपया तितकाच थेट रुग्णाच्या श्वासापर्यंत पोहोचतो. हवा सर्वांना विनामूल्य मिळते. आजारी माणसाला तीच मोजून, शुद्ध व अखंड मिळावी, यासाठी मात्र अनेक हात लागतात. त्या हातांत आपलाही हात असावा, ही नम्र प्रार्थना.