मुले वयात येताना

पाचोऱ्याकडे कापूस वेचणीचे दिवस आले की बारा-तेरा वर्षांची एखादी पोर आईच्या जोडीने शेतात दिसू लागते आणि शाळेत दिसेनाशी होते. कोणी विचारले तर आई म्हणते, "पोर आता मोठी झाली." मोठी झाली म्हणजे काय झाले, हे मात्र त्या पोरीला कोणी सांगत नाही. ते आज सरळ शब्दांत पाहू.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे. मुलीच्या साधारण ८ ते १३ आणि मुलाच्या ९ ते १४ या वयात तिचे स्राव मुलीच्या बीजकोशांना व मुलाच्या वृषणांना जागे करतात. मुलीची छाती भरू लागते आणि पुढे दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. पहिली एक-दोन वर्षे ती महिन्याच्या हिशेबाने येईलच असे नाही, घाबरू नये. १५ वर्षे पुरी होऊनही आली नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. मुलाची उंची उशिरा पण झपाट्याने वाढते, ऐन भरात वर्षाला ९-१० सेंटिमीटर. मिसरूड फुटते. झोपेत वीर्य गेले तर तो रोग नव्हे, पाप नव्हे, आणि त्याने शक्तीही जात नाही. भिंतीवरच्या जाहिराती वाचून कितीक पोरांनी पैसा आणि झोप दोन्ही घालविली!

भजनात पुढे उभे राहणारे पोर आवाज फुटला की लाजून मागे सरकते. त्याला हसू नये. काही महिन्यांत आवाज ठिकाणावर येतो.

मनाचे म्हणाल तर राग, हट्ट, उलट उत्तर, आणि आईबापांपेक्षा मित्रांचा शब्द मोठा. भावना उसळविणारा मेंदूचा भाग आधी जोर धरतो. तोल सांभाळणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. पण म्हणून या वयाला अक्कल नसते, असे निदान वारकऱ्याने तरी म्हणू नये. परंपरेच्या हिशेबाने ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये झाली तेव्हा माउली पंधरा-सोळा वर्षांची होती, आणि आपल्याच जिल्ह्यात तापीकाठी मेहूणला गुप्त झालेल्या मुक्ताबाई अठराच्या आसपास!

विटाळाचा प्रश्न सोयराबाईंनी आपल्या अभंगात फार पूर्वीच विचारून ठेवला आहे. गर्भ राहिला नाही म्हणजे गर्भाशयाचे अस्तर रक्ताबरोबर बाहेर पडते, एवढीच पाळी. कोपऱ्यात बसविण्यापेक्षा स्वच्छ, उन्हात वाळविलेले कापड द्यावे, नाहीतर पॅड. २०२२ साली राज्य महिला आयोगाने 'आरोग्य वारी' काढली आणि पालखीच्या वाटेवर बायकांसाठी पॅडची सोय केली, हे फार चांगले झाले.

लग्नाची घाई नको. मुलीचे वय १९३० मध्ये कायद्याने १४ होते, १९७८ पासून १८ आहे. अपुऱ्या वाढीच्या अंगावर बाळंतपण आले तर मायलेकरू दोघांच्या जिवावर बेतते.

या वयात अंगात रक्त कमी पडते. त्यासाठी सरकारी शाळांतून आठवड्याला लोहाची एक गोळी मिळते. शाळा सुटलेल्या मुलीने अंगणवाडीत विचारावे. गोळी जेवल्यावर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. शौचाला काळे झाले तर भिण्याचे कारण नाही, ते लोहामुळे होते.