जाड तारेची स्प्रिंग लवकर का तुटते?

प्रश्न : स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराची स्प्रिंग तुटली, म्हणून तेवढीच लांब पण जाड तारेची आणली. आता दार उघडताना मुलांची दमछाक होते, आणि एवढे करून तीही आकड्यापाशी तुटलीच. जाड तार जास्त टिकायला नको का?

उत्तर : शंका रास्त आहे. वजन टांगायचे असते, तर जाड तारच टिकली असती. इथे मात्र वजन ठरलेले नाही, ताणण्याचे अंतर ठरलेले आहे. दार उघडले की स्प्रिंगला तेवढे ताणले जावेच लागते, मग ती कितीही ताठ असो.

स्प्रिंग लांबते तेव्हा तिची तार फारशी ताणली जात नाही, तिला पीळ बसतो. तेवढ्याच अंतरासाठी जाड तारेला पीळ तेवढाच बसतो, पण तिचा पृष्ठभाग मध्यापासून लांब असल्याने तिथला ताण वाढतो. वेढे आणि घेर तेच ठेवून २ मिलिमीटरऐवजी २.५ मिलिमीटर तार घेतली, तर हा ताण सव्वापट होतो. ओढ त्याहून कितीतरी वाढते, कारण ती तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलते. इथे ती जवळजवळ अडीचपट झाली. मुले दमणारच!

‘चांगल्या पोलादाची घ्या, कडक असते,’ असे दुकानात सांगतात. त्यात अर्धेच तथ्य आहे. पाणी दिलेले पोलाद जास्त ताण सोसते, पण त्याचा ताठपणा साध्या पोलादाइतकाच राहतो. ओढ ठरते ती तारेची जाडी, घेर आणि वेढे यांवरून.

म्हणून आधी ताणकाटा लावून दार बंद व्हायला किती ओढ लागते ते पाहा, आणि उघडताना स्प्रिंग किती लांबते तेही मोजा. मग पहिल्या स्प्रिंगेइतक्याच जाड तारेची, पण जास्त वेढ्यांची स्प्रिंग घ्या. प्रत्येक वेढ्याच्या वाट्याला कमी पीळ येईल. ओढ थोडी उतरेल, ती स्प्रिंग बसवतानाच किंचित ताणून भरून काढता येते. जागा अपुरी असेल, तर मोठ्या घेराची पाहा.

आकडाही नीट बघा. तिथे पिळाच्या जोडीला तार वाकतेही, म्हणून ताणाच्या स्प्रिंगा बहुधा तिथेच तुटतात. पक्कडीने काटकोनात मोडलेला आकडा नको; गोलाईने वळवलेला, तारेवर ओरखडा नसलेला निवडा.